पुढची जागा देवूची

या, अशा जवळ या. दारात बसू नका, या दिवसांतला नगरचा वारा कुणाची भीड धरत नाही. शाल ओढून घ्या अंगावर. आता बसलाच आहात, तर एका कागदाच्या देवळाची गोष्ट सांगते. बोट लागलं तरी कलंडेल असं देऊळ, पण ते उभं करायला एक बाई कित्येक दिवस खपली. ते कोणासाठी उभं केलं आणि त्यात शेवटी कोण बसलं, कोण नाही, तेवढंच सांगायचंय. मधूनमधून हुंकार द्या म्हणजे झालं. हुंकार थांबला की सांगणाऱ्याचा धागा तुटतो, असं आमचे बुवा म्हणायचे.

बुवा म्हणजे नृसिंहबुवा. आमच्या दारासमोरचं दार त्यांचं. शाळेत संस्कृत शिकवायचे आणि संध्याकाळी कीर्तन करायचे. मी देवाधर्माची बाई आहे, कीर्तनं पुष्कळ ऐकली, पण बुवांचं कीर्तन म्हणजे थंडीत कुणीतरी गरम दुधाचा पेला हातात द्यावा तसं. पूर्वरंगात ते तुम्हाला चिमटे काढणार. समोर कुणी डुलकी घेत असेल तर म्हणणार, "झोपा हो झोपा, देव जागाच आहे तुमच्यासाठी." मग मध्यंतरात बुक्का लागला, हार पडला, की आवाज एकदम खाली आणायचे, आणि आख्यान असं काही रंगायचं की घरी गॅसवर दूध ठेवून आलोय याचीसुद्धा आठवण राहू नये. माझी दोन पातेली त्यापायी करपली आहेत.

त्यांची एक सवय सगळ्या नगरला ठाऊक होती. देऊळ कितीही भरलं तरी पुढच्या रांगेत, अगदी त्यांच्या पायांसमोर, एक जागा मोकळी ठेवायला लावायचे. कुणी नवखा तिथे टेकला की चिपळ्या थांबवून म्हणायचे, "महाराज, जरा सरका. पुढची जागा देवूची आहे."

देवू म्हणजे त्यांची मुलगी, देवश्री. तिची आई ती लहान असतानाच गेली. शाळा सुटली की दप्तरासकट थेट देवळात यायची, लाल स्वेटर, दोन वेण्या, आणि त्या जागेवर मांडी घालून बसायची. मध्यंतरापर्यंत तिची मान पडायची. बुवा उत्तररंग लावता लावता खाली वाकून स्वतःचं उपरणं तिच्या अंगावर टाकायचे, आणि ताल चुकायचा नाही.

मार्गशीर्ष-पौषात बुवांना गावोगावची बोलावणी असत. पारनेर, नेवासा, शेवगाव, कुठे कुठे जायचे. तेव्हा देवू माझ्याकडे राहायची. संक्रांत आली की देवाचं चित्र काढून बाबांना कार्ड करायची. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी आपण पाकिटात चिमूटभर हलवा घालून तिळगुळाचं कार्ड पोस्टानं पाठवायचो. तसंच. पत्ता काय, तर 'नृसिंहबुवा, मारुतीचं देऊळ, मुक्काम पोस्ट अमुक.' पोचायचंसुद्धा. बुवा ते मध्यंतरात उघडून श्रोत्यांना दाखवायचे, गावातल्याच एखाद्या पोराला बक्षीस देऊन टाकायचे आणि घरी आले की खोड काढायचे, "देवूबाई, तुझा देव फार आळशी. कागदावर आडवाच पडून राहतो. विटेवरचा बघ कसा उभा आहे. कागद उघडला की उभा राहील असा देव कर, तर तू खरी."

"पुढच्या वर्षी करीन," ती म्हणायची.

ते पुढचं वर्ष काही आलं नाही. ती मोठी झाली, इथल्याच एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे नाही, त्यावर गल्लीत पुष्कळ बोलून झालंय, आता आपण नको बोलायला.

आणि मग बुवांची आठवण जायला लागली.

पहिल्यांदा ते कीर्तनातच झालं. आख्यान ऐन भरात आलेलं, आणि बुवा मागे गेले. तोच प्रसंग पुन्हा. लोकांना वाटलं, मुद्दाम घोळवतायत. तिसऱ्यांदा तोच प्रसंग आला तेव्हा पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी जोरात "जय जय रामकृष्ण हरी" सुरू केलं, लोकांनी उचललं, त्यात ते कीर्तन कसंबसं आटोपलं. त्यानंतर बुवा उभे राहिले नाहीत. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते गेले, आणि एका सकाळी देवश्रीने चहाचा कप पुढे धरला तर दोन्ही हात जोडून म्हणाले, "आपली ओळख नाही झाली, बाई. आपण कोणाकडच्या?"

तेव्हापासून ती 'बाई'. फार आदराने वागायचे हो तिच्याशी. "बाई, आपलं जेवण झालं का? बाई, आपल्याला त्रास देतो आम्ही." एक वेळ रागावून बोलले असते तर बरं, असं तिला वाटायचं.

मला एकदा म्हणाली, "काकू, मला आता त्यांच्याकडून काही नको. फक्त एकदा मला 'देवू' म्हणून हाक मारावी. माझ्याकडे बघून. एकदाच. मग पुन्हा विसरू देत."

मी आपली देवभोळी. म्हटलं, "मारतील गं. वाल्याला उलटं नाव पावलं, तुझ्या बाबांनी तर जन्मभर सुलटं घेतलंय."

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की जुन्या आवडीच्या वस्तू दाखवत जा, कधी कधी एखादं दार किलकिलं होतं. त्यावरून तिला ते कार्ड आठवलं. राहून गेलेलं.

मार्गशीर्ष लागला आणि तिने जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. जाड कागदाचे ताव, पट्टी, कात्री, खोडरबरं, आणि शाईचे पॅड. जांभळा, निळा, तांबडा, आणि एक काळा. दुपारी शाळेतून आली की बसायची. मीही भाजी निवडायला तिथेच. बुवा खिडकीशी आरामखुर्चीत, कानटोपी घालून, उन्हाकडे पाठ करून.

उघडलं की उभं राहणारं कार्ड कसं करतात, ते मी तेव्हा पाहिलं. कागद मधोमध दुमडायचा. घडीवर दोन समांतर चिरा द्यायच्या आणि मधली पट्टी आतल्या बाजूने बाहेर ढकलायची. कार्ड मिटलं की ती पोटात लपते, उघडलं की पायरीसारखी वर येते. मोठ्या पायरीवर देऊळ चिकटवायचं, त्याच्या पुढच्या लहान पायरीवर बुवा, त्याच्याही पुढे श्रोते. घड्या नीट पडाव्यात म्हणून ती संपलेल्या रिफिलीने रेघ दाबून घ्यायची. एक घडी केसभर तिरपी झाली की अख्खं देऊळ वाकडं. असे तीन-चार ताव वाया गेले.

"काकू, हा कळस बघा कसा झुकलाय."

"थंडी वाजत असेल त्याला," मी म्हटलं.

शिक्के तिने खोडरबरावर ब्लेडने कोरले होते. विटेवरच्या देवाचा एक, कळसाचा एक, खांबाचा एक, शेकोटीचा एक. भेंडी माझ्याच पाटीतली उचलली, आडवी कापून निळ्या शाईत बुडवली, आणि देवळाच्या पायाशी फुलांची रांग उठली. आमचा दूधवाला कारभारी खालच्या गावाहून दूध घेऊन यायचा. त्याला तिने ज्वारीचं एक कोवळं कणीस आणायला सांगितलं, ते शाईवर दाबून कागदावर दाबलं, तर दाणा न् दाणा उमटला.

कारभारी दारातूनच म्हणाला, "ताई, आमी हुरडा भाजून खातो, तुमी शाईत बुडवून वाया घालवता व्हय!"

"वाया नाही जात, कारभारी. हे शेत आता वाळणार नाही."

"मग कर्ज देनाऱ्या सोसायटीला सांगा, आमचं समदं रान असंच छापा म्हनावं."

ती हसली. त्या दिवसांत ती हसायची.

धुकं कसं केलं सांगू? जुन्या स्पंजाचा तुकडा घेतला, निळ्या शाईत जरासा टेकवला, पुष्कळसा टिपून टाकला आणि कागदावर हलके हलके थोपटला. तुम्ही पहाटे डोंगरगणच्या बाजूला गेला असाल तर जसं दिसतं, शेत आहे पण दिसत नाही, तसं झालं.

त्याच दुपारी बुवा खुर्चीतून उठून टेबलाशी आले. मला वाटलं, कार्ड बघायला आले. पण त्यांचं लक्ष शाईच्या पॅडवर होतं. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला आणि उभे राहिले. निमूट.

देवश्रीला आधी कळेना. मला कळलं. हयातीच्या दाखल्याला त्यांची सही जुळत नव्हती, तेव्हा दिवाळीनंतर त्यांचा अंगठा घेतला होता. शाई दिसली की अंगठा द्यायचा, एवढं मात्र लक्षात राहिलं होतं. ज्या माणसाने आमच्या आळीतल्या बायकांना सह्या करायला शिकवल्या, तो अंगठा पुढे करून उभा. मी भाजीकडे बघायला लागले.

पण देवश्रीने तो हात हातात घेतला. "इथे द्या," म्हणाली. अंगठा जांभळ्या शाईत टेकवला आणि श्रोत्यांच्या पट्टीवर उमटवला. मग दुसरा, मग तिसरा. बुवांना गंमत वाटायला लागली. एकामागून एक अंगठे द्यायला लागले. सगळे वाळल्यावर तिने बारीक पेनाने एकेका ठशाला नाक-डोळे काढले, शालीच्या घड्या काढल्या. बघता बघता पट्टीभर माणसं बसली, शाली लपेटून, कानटोप्या घालून.

"काकू, ही तुम्ही," तिने एक जाडसा ठसा दाखवला.

"मी एवढी जाड?"

"थंडीचे कपडे आहेत ना अंगावर!"

पुढच्या रांगेत मधोमध तिने जागा सोडली. तिथे स्वतः बसली. म्हणजे खोडरबराचा तुकडा घेऊन दोन वेण्यांची एक मुलगी कोरली, तांबड्या शाईने छापली, कापून जागेवर चिकटवली. एवढ्या निळ्या-जांभळ्या थंडीत तेवढाच एक लाल ठिपका.

"ओळखतील," ती म्हणाली. "स्वेटर ओळखतील."

बुवांचा शिक्का तिने सगळ्यात शेवटी कोरला. फेटा, उपरणं, वर उचललेला हात, हातात चिपळ्या. छापला, कापला, लहान पायरीवर उभा केला. बुवा मागे येऊन उभे होते. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा कोण डावरा बुवा?"

आम्ही दोघी चमकलो. खरंच की! शिक्का उलटा कोरावा लागतो, उजवं डावीकडे जातं. मुलांना ती दर वर्षी हेच शिकवते आणि नेमकं बाबांना करताना विसरली. कार्डातल्या बुवांच्या चिपळ्या डाव्या हातात गेल्या होत्या.

"चिपळ्या उजव्या हातात धरतात, बाई," बुवा म्हणाले. "डावा हात श्रोत्यांसाठी मोकळा ठेवायचा."

देवश्रीने टेबलाची कड घट्ट धरली. बाबांना कीर्तन आठवत होतं! तिने पुन्हा सगळं कोरलं, चिपळ्या उजव्या हातात दिल्या. रात्रभर मला झोप नाही. देवाला म्हटलं, पांडुरंगा, आता आलास तसा आणखी दोन पावलं ये.

संक्रांतीला वेळ होता, पण तिला धीर निघेना. दत्तजयंतीला बुवांचं दर वर्षी कीर्तन असायचं, तोच दिवस धरला. सकाळी त्यांना न्हाऊ घातलं, धोतर नेसवलं, उपरणं दिलं. मी बुक्का लावला. कार्ड मिटलेलं होतं. वरच्या बाजूला नुसतं निळं धुकं, आत काय आहे कळू नये असं. त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तिने म्हटलं, "उघडा."

उघडलं. आणि देव उभा राहिला हो. कळसासकट, एकदम सरळ, जराही न झुकता. पुढे बुवा, हात वर केलेला. पुढे माणसं, शेकोटी, ज्वारीची कणसं.

बुवांचा चेहरा मी सांगू शकत नाही. एखाद्या बंद खोलीत कुणी दिवा घेऊन जावं आणि बाहेरून खिडकी उजळावी, तसं झालं. त्यांचं बोट देवळावरून उतरलं, शेकोटीपाशी थांबलं, श्रोत्यांवरून सरकत सरकत पुढच्या रांगेत आलं. लाल ठिपक्यावर थबकलं.

"देवू," ते म्हणाले.

अगदी पहिल्यासारखं. शेवटचा ऊकार जरासा ओढून.

देवश्री त्यांच्या पायाशी बसली होती. तिच्या तोंडून फक्त "हो बाबा" एवढंच निघालं.

"ही आमची देवू," बुवा म्हणाले. मान वर करून थेट तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत केवढा आनंद होता. "बाई, तुम्ही पाहिलीत का हिला? शाळेतून यायचीय. फार थंडी पडलीय, आणि अजून आली कशी नाही?"



"बाई, तुम्ही जरा मागे बसता का?" ते अजिजीने म्हणाले. "गैरसमज करून घेऊ नका. पुढची जागा देवूची आहे."

ती उठली. उठून मागे जाऊन बसली, भिंतीला टेकून. मी काय करणार? मी नाम घ्यायला लागले. दुसरं काही मला येत नाही.

यापुढचं सांगायला जीभ जड होते, पण सुरू केलंय तर सांगायला हवं.

त्या कार्डाच्या आधी बुवा सगळं विसरले होते, मुलगीसुद्धा विसरले होते, आणि त्यात एक निवांतपणा होता. कार्डाने त्यांना मुलगी परत दिली, पण ती दोन वेण्यांचीच. आता ते तिची वाट बघायला लागले. दुपार कलली की दाराशी खुर्ची ओढायची. जो जाईल त्याला विचारायचं, "शाळा सुटली का?" जेवायला बसवलं की घास खाली ठेवायचे, "देवू आल्याशिवाय कसा जेवू?" समोर देवश्री ताट घेऊन बसलेली.

पहिले काही दिवस तिने सांगून पाहिलं. "बाबा, मीच देवू. बघा ना माझ्याकडे."

बुवांनी ते इतकं मनाला लावून घेतलं! म्हणाले, "बाई, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. म्हाताऱ्या माणसाची अशी चेष्टा करू नये."

मग तिने सांगणं सोडलं. खोटं बोलायला शिकली. "देवू आली मघाशी. जेवून झोपली आत."

"झोपली?" ते लगेच आवाज खाली आणायचे. "मग हळू बोला. पांघरूण घातलंत ना?"

"घातलं."

"तुमचे फार उपकार."

असं रोज. तिने कार्ड कपाटात ठेवलं तर घर डोक्यावर घेतलं त्यांनी. म्हणून ते टेबलावर उघडंच असायचं.

पौषात एका सकाळी धुकं इतकं पडलं होतं की मला समोरचं त्यांचं दार दिसेना. देवश्री आंघोळीला गेली होती आणि दुधासाठी कडी काढून ठेवली होती. ती बाहेर आली तर खुर्ची रिकामी. दोघी गल्लीभर हाका मारत धावलो. धुक्यात आपलीच हाक आपल्याला लांबची वाटते. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला.

"काकू! काकू, हिकडं या! बुवा हायेत माज्यासंगं!" कारभारी ओरडत होता. दुधाचे कॅन एका बाजूला सारून त्याने बुवांना मागे बसवलं होतं आणि आपल्या मफलरने त्यांचे हात स्वतःच्या पोटाशी बांधून घेतले होते.

"कुठे सापडले?"

"नदीकडच्या जुन्या शाळंपाशी. भितीला टेकून बसलेले. म्या म्हनलं, बुवा, हितं काय करता एवढ्या गारठ्यात? तर म्हनले, पोरीची शाळा सुटायचीय. आता ती शाळा कवाच बंद पडली, पत्रे बी न्हाईत तिच्यावर. पन म्या म्हनलं, चला, ताई घरीच गेल्यात. तवा कुटं उठले."

बुवांच्या अंगात नुसता सदरा होता. पायांत काही नाही. आणि काखेत घडी घातलेली शाल.

"बाबा, शाल का नाही पांघरलीत?" देवश्रीने त्यांचे पाय हातात घेऊन चोळत विचारलं.

"ती कशी पांघरू?" त्यांचे दात वाजत होते. "ती देवूला आणलीय."

संध्याकाळपर्यंत ताप चढला. छातीत कफ धरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकाला नळी, हाताला सुई. देवश्री स्टुलावर बसून असायची, मी डबा घेऊन जायचे. एका दुपारी ते जरा शुद्धीवर होते. तिचा हात त्यांच्या हातात होता.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही घरी जा आता. किती दिवस बसाल? तुमचीही वाट बघत असेल कुणी."

"आहेत ना," ती म्हणाली. "वडील आहेत."

"वडील आहेत?" त्यांनी तिचा हात सोडला. हळूच, थोपटून सोडला. "मग उठा आधी. बापाला वाट बघायला लावू नये, पोरी. मला ठाऊक आहे ते."

ती उठली, दारापर्यंत गेली, कारण त्यांचं लक्ष होतं. बाहेर व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिली. ते झोपल्यावर पुन्हा आत येऊन बसली.

बुवा बरे झाले. लोक म्हणाले, देवाची कृपा. मीही म्हटलं. घरी आणायच्या आदल्या दिवशी देवश्रीने ब्लेड घेतलं आणि कार्डातून ती लाल मुलगी कापून काढली. घडीला धक्का न लागू देता, नेमकी तेवढीच. मी म्हटलं, "अगं, राहू दे गं. त्यांच्या मनात तेवढी तरी आहेस."

"काकू, ते पुन्हा धुक्यात जातील. त्यांना वाट बघायला नको लावायला."

तिने ती चिमुकली मुलगी माझ्या हातावर ठेवली. मी कुठे ठेवणार? माझ्या बुक्क्याच्या डबीत ठेवली आहे.

पण ब्लेड चालवायची गरज नव्हती. तापाने तेही धुऊन नेलं होतं. बुवा घरी आले ते शांत, पुष्कळ शांत. दाराशी खुर्ची नाही, शाळा सुटल्याची चौकशी नाही. देवू कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही, त्यानंतर आजपर्यंत विचारलेलं नाही.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. कार्ड टेबलावर उघडं होतं. बुवा वाकून बघत होते.

"छान आहे," म्हणाले. "कोणी केलं?"

"माझ्या शाळेतल्या एका मुलीने," देवश्री म्हणाली.

"हात चांगला आहे तिचा. देव अगदी उभा केलाय." मग त्यांचं बोट श्रोत्यांवरून सरकत पुढे आलं. "एवढी गर्दी, आणि पुढे ही एक जागा रिकामी का हो?"

"असंच," ती म्हणाली. "कोणाची नाही ती."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. पाहुण्याकडे बघावं तसं, आदबीने, प्रेमाने. आणि म्हणाले, "मग तुम्ही बसा की तिथे, बाई. मागे कशाला उभ्या?"

तिने मान हलवली. हलव्याची वाटी आणते म्हणून आत गेली. बराच वेळ आली नाही. आतून नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. मी बुवांच्या हातावर तिळगूळ ठेवला, त्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला आणि म्हणाले, "गोड आहे."

कीर्तनात आख्यान असं संपवत नाहीत, मला माहीत आहे. भक्त कितीही रडला तरी शेवटी देव धावून येतो, डोळे पुसतो, मग आरती. जन्मभर मी तशीच आख्यानं ऐकली, आणि त्यावर माझा विश्वास आहे, अजूनही आहे. पण या गोष्टीत देव कुठे आला, ते मला दिसलं नाही. कागदाचा तेवढा उभा राहिला. बुवा आहेत अजून. समोरच्या दारात सकाळी ऊन येतं तेव्हा ती त्यांना कानटोपी घालते आणि ते म्हणतात, "आपली ओळख नाही झाली, बाई."

आता उठा, उशीर झाला तुम्हाला. जाताना एवढं एक ऐका. कधी कीर्तनाला गेलात आणि बुवा उभे राहायच्या आधी पुढे एखादी जागा मोकळी दिसली, तर घाईने जाऊन बसू नका. क्षणभर थांबा आणि मनातल्या मनात तिचं नाव घ्या. मोठ्याने नको, नुसतं मनात. ज्यांनी ते ठेवलं, त्यांना आता ते येत नाही, आणि मी काही कायमची नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. देवश्री. देवू. लक्षात ठेवाल ना तिला?